उणे वीसचा हट्ट: प्रायमरसोबत येणारं पान नीट वाचूया

प्रायमर मागवले की पाकिटात बोटाच्या पेराएवढ्या दोन ट्यूब येतात आणि सोबत घडी घातलेलं एक पान. ट्यूब लगेच फ्रीझरमध्ये जातात. पान टेबलावर राहतं, दोन दिवसांनी त्याच्या मागच्या बाजूला कोणीतरी जेलच्या वेलचा क्रम लिहून ठेवतं आणि आठवड्याभरात ते कचऱ्यात जातं. आज मला त्या पानाबद्दल लिहायचं आहे, एखाद्या पुस्तकाची समीक्षा करतात तसं. हसू नका. कृत्रिम डीएनए आणि आरएनए कसे हाताळायचे, कुठे ठेवायचे, याबद्दल आपल्यातल्या बहुतेकांच्या हातात पडलेला तो एकमेव मजकूर असतो. एम.एस्सी.ला आपण पीसीआरचं तत्त्व शिकतो, पायऱ्या शिकतो, तापमानं पाठ करतो. ट्यूब कुठे ठेवायची यावर प्रश्न येत नाही, म्हणून ते राहून जातं. मग पेट पास होऊन तुम्ही लॅबमध्ये येता आणि पहिल्याच आठवड्यात सीनियर सांगतो, "उणे वीसला ठेव, बस्स." हे वाक्य त्याच पानातून आलेलं आहे, फक्त बाकीचं पान गळून गेलंय.

पानं वेगवेगळ्या कंपन्यांची असतात, मजकूर जवळपास एकच. ट्यूब उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. टीई बफरमध्ये किंवा न्यूक्लिएज नसलेल्या पाण्यात विरघळवा. १०० मायक्रोमोलरचा साठा करा. छोटे छोटे भाग करून ठेवा. उणे वीसला साठवा. पुन्हापुन्हा वितळवू-गोठवू नका. चमकणारा रंग लावलेले प्रोब अंधारात ठेवा. आणि खाली बारीक अक्षरात, फक्त संशोधनासाठी.

यात चूक काही नाही, हे आधी मान्य करूया. काही सूचना तर सोन्यासारख्या आहेत. ट्यूब फिरवा असं का म्हटलंय? सुकवलेला डीएनए डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. प्रवासात तो झाकणाला चिकटलेला असतो, तुम्ही थेट झाकण उघडलंत की पापुद्रा उडून जातो आणि नंतर महिनाभर तुम्ही "प्रायमर चालत नाही" म्हणत बसता. १०० मायक्रोमोलरचा हिशोबही सोपा आहे. ट्यूबवर जितके नॅनोमोल लिहिलेत त्याच्या दहापट मायक्रोलिटर बफर टाकायचं. २५ नॅनोमोल असतील तर २५० मायक्रोलिटर. तोंडी परीक्षेत हा हिशोब विचारला की भलेभले कॅल्क्युलेटर शोधतात.

माझी पहिली तक्रार क्रमाबद्दल आहे. पानावर सगळ्यात ठळक काय असतं, तर तापमान. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की डीएनए म्हणजे दूध आहे, बाहेर राहिलं की नासणार. प्रत्यक्षात सुकवलेला छोटा डीएनए हा प्रयोगशाळेतला सगळ्यात चिवट पदार्थांपैकी एक आहे. म्हणूनच कंपनी तो हैदराबादहून किंवा बेंगळुरूहून साध्या कुरियरने, बर्फाशिवाय पाठवते. ज्या पाकिटातल्या पानावर "उणे वीस" लिहिलंय तेच पाकीट मे महिन्यात नांदेडला ४२ अंशांत कुरियरवाल्याच्या डिक्कीतून आलेलं असतं! यात विसंगती नाही, पण ती का नाही हे पान सांगत नाही आणि तिथेच ते वाचकाला अडाणी ठेवतं.

डीएनए खराब होतो तो मुख्यतः पाण्यात आणि मुख्यतः दोन कारणांनी. एक म्हणजे न्यूक्लिएज, डीएनए कापणारी एन्झाइम. ती धुळीत, हातावर, जिवाणूंत सगळीकडे असतात. दुसरं म्हणजे आम्लता. बफर नसलेलं शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि त्याचा पीएच साडेपाचच्या आसपास उतरतो. अशा पाण्यात ॲडेनिन आणि ग्वानिन हळूहळू साखळीवरून गळायला लागतात. टीई बफर या दोन्हींवर एकदम उपाय करतं. त्यातलं ट्रिस पीएच सांभाळतं, ईडीटीए मॅग्नेशियम पकडून ठेवतं आणि बहुतेक डीएनेझना मॅग्नेशियमसारख्या धातूशिवाय काम करता येत नाही. म्हणजे टीईमधला प्रायमर चार दिवस टेबलावर राहिला तरी बहुधा काही होणार नाही, उलट न तपासलेल्या पाण्यातला प्रायमर फ्रीझरमध्ये ठेवूनही दर वितळण्यात थोडा थोडा जातो. पानावर ठळक अक्षरं द्यायची होती तर ती "कशात विरघळवता" याला द्यायला हवी होती.

इथे एक समज दूर करून टाकूया, कारण मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक लॅबमध्ये तो ऐकू येतो: "टीई वापरलं तर ईडीटीए मॅग्नेशियम खातं आणि पीसीआर होत नाही." आकडे बघा. टीईमध्ये ईडीटीए १ मिलिमोलर असतं. २५ मायक्रोलिटरच्या रिअ‍ॅक्शनमध्ये दोन्ही प्रायमरचं मिळून २ मायक्रोलिटर टाकलंत तर ईडीटीए होतं ०.०८ मिलिमोलर. मॅग्नेशियम असतं साधारण १.५ मिलिमोलर. खाऊन खाऊन किती खाणार? तरीही भीती वाटत असेल तर ०.१ मिलिमोलर ईडीटीएचं टीई बनवा, अनेक जण तेच वापरतात. पण या भीतीपोटी लॅबच्या डिस्टिल्ड पाण्यात प्रायमर विरघळवणं म्हणजे डासाच्या भीतीने मच्छरदाणी जाळण्यासारखं आहे.

डिस्टिल्ड पाण्याचं निघालंच आहे तर थोडं थांबूया. "न्यूक्लिएज नसलेलं पाणी" हा शब्दप्रयोग पानावर सहज येतो, जणू नळ सोडला की तेच येतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं होतं, 'जलदूत' सगळ्यांना आठवत असेल. काचेच्या डिस्टिलेशन यंत्रात एक लिटर पाणी मिळवायला त्याच्या कितीतरी पट पाणी थंड करण्यासाठी वाहून जातं. टंचाईत असं यंत्र कमी चालतं, मग पाणी मोठ्या कॅनमध्ये साठवलं जातं आणि साठवलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात. जिवाणू आले की न्यूक्लिएज आली. दोनदा उकळून थंड केलेलं असलं तरी महिनाभर कॅनमध्ये राहिलेलं पाणी प्रायमरसाठी नापास. छोटी विकतची बाटली आणा, आल्याबरोबर एक-एक मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा आणि एकदा उघडलेली ट्यूब दिवसाअखेर टाकून द्या. लॅबच्या खर्चात ही बाटली किरकोळ असते. तुमच्या वाया जाणाऱ्या महिन्याची किंमत मात्र कोणी मोजत नाही.

आता उणे वीसकडे येऊ. पान असं गृहीत धरतं की फ्रीझर म्हणजे फ्रीझर. आपल्याकडे तो बऱ्याचदा घरगुती फ्रिजचा वरचा कप्पा असतो आणि हल्लीचे फ्रिज बर्फ साचू न देणारे असतात. हे बर्फ साचू न देणं कसं होतं, माहितीये? फ्रिज ठरावीक वेळाने आतली नळी गरम करतो. म्हणजे तुमच्या ट्यूब न सांगता अर्धवट वितळतात आणि पुन्हा गोठतात. "पुन्हापुन्हा वितळवू नका" ही सूचना तुम्ही पाळताय, फ्रिज पाळत नाही. छोट्या प्रायमरचं यात फारसं बिघडत नाही, पण आरएनए, एन्झाइम आणि लांब डीएनए यांचं बिघडतं. जुन्या पद्धतीचा, हाताने बर्फ काढावा लागणारा डीप फ्रीझर दिसायला गावठी, कामाला चोख.

आणि वीज. विभागाचं इन्व्हर्टर दिवे आणि कॉम्प्युटर सांभाळतं, फ्रीझर त्यावर नसतोच. रविवारी वीज गेली, सोमवारी आली, तुम्ही मंगळवारी दार उघडलं तर सगळं कसं छान गोठलेलं. मधे काय झालं ते कळायला एक फुकटचा उपाय आहे. प्लॅस्टिकच्या कपात पाणी गोठवा, वर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि कप फ्रीझरच्या मधल्या कप्प्यात ठेवून द्या. नाणं खाली गेलेलं किंवा बर्फात रुतलेलं दिसलं की समजा, मधे सगळं वितळून गेलं होतं. दुसरं, फ्रीझर रिकामा ठेवू नका. मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून भरा. भरलेला आणि बंद ठेवलेला फ्रीझर थंडी बराच वेळ धरून ठेवतो, रिकामा लगेच सोडतो. वीज गेल्यावर "बघू तरी" म्हणून दार उघडायचं नाही. उणे ऐंशीच्या फ्रीझरबद्दल मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे त्याची नियमावलीही असते.

आरएनएबद्दल पानावर एक ओळ असते, फार तर दोन. हे मला अक्षम्य वाटतं. डीएनए आणि आरएनए यांच्यात कागदावर एका ऑक्सिजनचा फरक आहे, पण तो ऑक्सिजन अशा जागी बसलाय की साखळी स्वतःच स्वतःला तोडू शकते. आरएनएच्या साखरेवरचा दुसऱ्या कार्बनचा हायड्रॉक्सिल गट शेजारच्या फॉस्फेटवर हल्ला करतो. अल्कली असेल, उष्णता असेल, मॅग्नेशियम असेल तर आणखी वेगाने. त्यावर आरएनेझ. आरएनेझ ए या एन्झाइमच्या रचनेत चार डायसल्फाइड बंध आहेत. उकळलं तरी थंड झाल्यावर ते पुन्हा घडी घालून कामाला लागतं. प्रथिनाची घडी आपोआप कशी पडते हे ख्रिश्चन अ‍ॅनफिन्सन यांनी याच एन्झाइमवर दाखवलं आणि १९७२ चं नोबेल मिळवलं. त्यांना ज्याच्यामुळे नोबेल मिळालं त्याच्यामुळे तुमचा आरएनए जातो. शिवाय त्याला काम करायला धातू लागत नाही, म्हणजे डीएनएला वाचवणारं ईडीटीए इथे काही उपयोगाचं नाही. "टीईमध्ये ठेवलंय ना मग" हे उत्तर आरएनएच्या बाबतीत चालत नाही.

हातमोजे कशासाठी, हा प्रश्न मी नव्या मुलांना नेहमी विचारते. उत्तर येतं, "आपल्या सुरक्षेसाठी." बहुतेक वेळा उलटं आहे. आपल्या त्वचेवर आरएनेझ असतात, म्हणून आरएनएला आपल्यापासून वाचवायला हातमोजे. आणि मोजे घालून मोबाइल उचलला, दाराची कडी धरली, कपाळावरचा घाम पुसला की ते मोजे राहिले नाहीत, ती दुसरी त्वचा झाली. डीईपीसी टाकून पाणी आरएनेझमुक्त करायची जुनी पद्धत अजून आपल्या जर्नलमध्ये लिहिलेली असते. ती करत असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा: ते रसायन घातक आहे, फ्यूम हूडमध्येच हाताळायचं; आणि ट्रिस असलेल्या बफरमध्ये ते टाकून उपयोग नाही, ट्रिसच त्याला खाऊन टाकतं.

इथपर्यंत जे बोललो ते सगळं डीएनए-आरएनएला आपल्यापासून वाचवण्याबद्दल होतं. पानही तेवढंच बोलतं. माझी मोठी तक्रार इथून पुढे सुरू होते. आपल्याला, आपल्या लॅबला आणि आपल्या निकालांना त्या डीएनएपासून कसं वाचवायचं, यावर पानात एक अक्षर नाही.

"डीएनएपासून काय धोका?" बरोबर आहे, छोटा प्रायमर हातावर सांडला म्हणून तुम्हाला काही होत नाही. पण समजा तुम्ही प्रायमरसोबत पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून एक कृत्रिम जनुक-तुकडा मागवला, ५०० बेस जोड्यांचा. हल्ली हे सोपं आणि परवडणारं झालंय. त्याचं १० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरचं द्रावण केलं. आता मोजा. एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे टिपच्या टोकाला लटकणाऱ्या बारीकशा थेंबात, त्या तुकड्याच्या सुमारे १,८५० कोटी प्रती असतात. चांगला रिअल-टाइम पीसीआर दहा-वीस प्रतीही पकडतो. तो थेंब टिपमधून उडाला, झाकण उघडताना फवाऱ्यासारखा पसरला, मोज्याला लागला, तर पुढचे कित्येक महिने तुमच्या लॅबमध्ये सगळंच पॉझिटिव्ह येऊ शकतं. पाणीसुद्धा.

ही कल्पना नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने कोरोनाच्या तपासणीचे किट राज्यांच्या लॅबना पाठवले. अनेक लॅबमध्ये ते किट रुग्णाचा नमुना न टाकताच पॉझिटिव्ह दाखवू लागले. किटच्या एका भागात रचनेचाच दोष होता, त्यातली प्रोब आणि प्रायमर आपसातच जुळत होती. पण एन-१ नावाच्या भागात कृत्रिम टेम्प्लेट मिसळलं होतं, असं सीडीसीच्या शास्त्रज्ञांनी डिसेंबर २०२१ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केलं. साथ पसरत असताना त्या देशाचे काही आठवडे गेले. त्याच सुमारास युरोपातल्या अनेक लॅबनाही असाच अनुभव आला. तिथे तर बाहेरून विकत घेतलेले प्रायमर-प्रोबच कृत्रिम टेम्प्लेटने दूषित होऊन आले होते. म्हणजे सीलबंद ट्यूब स्वच्छच असेल असंही नाही. नवा लॉट आला की पहिल्यांदा फक्त पाणी टाकून, टेम्प्लेटशिवाय चालवून बघायचं. पान हे सांगत नाही, कारण कोणता विक्रेता स्वतःच्या पानावर असं लिहील? तिथे मी त्यांना समजून घेऊ शकते. पण मग तुमच्या मार्गदर्शकांनी सांगायला हवं.

आपल्याकडे याचं महत्त्व किती आहे ते २०२० ने दाखवलं. लातूरच्या शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत, नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि विष्णुपुरीच्याच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आरटी-पीसीआरच्या लॅब उभ्या राहिल्या. तोपर्यंत पीसीआर म्हणजे प्रबंधातलं एक चित्र होतं. अचानक त्याच तंत्रावर ठरायला लागलं की कोणाला घरी पाठवायचं आणि कोणाला वॉर्डात. विद्यापीठाच्या लॅबमध्ये काम करणाऱ्यांत आपल्यासारखी शिकलेली माणसं होती. उद्या पुन्हा अशी वेळ आली तर पिपेट तुमच्या हातात असेल आणि एका उडालेल्या थेंबाची किंमत जेल पुन्हा चालवण्याइतकी स्वस्त नसेल.

मग करायचं काय? सगळ्यात आधी, सॅनिटायझरवरचा विश्वास सोडा. सत्तर टक्के अल्कोहोलने टेबल पुसलं की विषाणू, जिवाणू मरतात, पण डीएनए तसाच राहतो. अहो, आपण डीएनए काढताना त्याचा साका बसवायला अल्कोहोलच तर वापरतो! स्पिरिटने पुसणं म्हणजे तो पसरवणं. डीएनए खरोखर मोडायचा असेल तर ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, साधारण ०.५ टक्के. दहा मिनिटं राहू द्यायचं आणि नंतर पाण्याने पुसायचं, नाहीतर स्टील गंजतं. पातळ केलेलं ब्लीच टिकत नाही आणि आपल्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही, म्हणून रोज ताजं करा. आणि एक गंभीर इशारा: आरएनए किंवा डीएनए काढायच्या किटमधल्या बफरमध्ये बऱ्याचदा ग्वानिडीन थायोसायनेट असतं. त्यावर ब्लीच कधीही टाकू नका, विषारी वायू निघतात. किटचा कचरा वेगळ्या बाटलीत, ब्लीचची बाटली त्यापासून लांब.

यूव्ही दिव्याचं तसंच. निळा प्रकाश दिसला की आपल्याला बरं वाटतं. यूव्हीचा मारा साखळीवर शेजारी-शेजारी असलेल्या थायमिन-सायटोसिनवर पडतो. तुकडा जितका छोटा तितक्या अशा जागा कमी आणि कोरडा डीएनए तर आणखी चिवट. शंभर-दीडशे बेसचा तुकडा त्यातून सहीसलामत सुटू शकतो. दिवा लावा, हरकत नाही, पण ब्लीचच्या ऐवजी नको.

"आमच्या मास्टरमिक्समध्ये यूएनजी आहे" असं सांगणाऱ्यांसाठी एक प्रश्न, आणि हा तुम्हाला मुलाखतीतही उपयोगी पडेल. यूएनजी हे एन्झाइम युरॅसिल असलेला डीएनए मोडतं. म्हणून पीसीआरमध्ये थायमिनऐवजी युरॅसिलचा कच्चा माल घालायचा, म्हणजे आधीच्या पीसीआरमधून उडालेले तुकडे पुढच्या वेळी नष्ट होतात. छान युक्ती आहे. पण कंपनीतून बनवून आलेल्या कृत्रिम तुकड्यात काय असतं? थायमिन. यूएनजी त्याला हातही लावत नाही. जो डीएनए सगळ्यात जास्त प्रमाणात, सगळ्यात शुद्ध स्वरूपात तुमच्या लॅबमध्ये येतो, त्याच्याविरुद्ध हे कवच चालतच नाही. एवढी महत्त्वाची गोष्ट त्या पानावर एका ओळीत बसली असती.

तीन वेगळ्या खोल्या हव्यात असं पुस्तकात लिहिलेलं असतं: एक मिश्रण करायला, एक टेम्प्लेट टाकायला, एक पीसीआर झाल्यानंतरची. आपल्या कॉलेजात खोली एक, त्यात दोन टेबलं आणि कोपऱ्यात लॅमिनार. खोल्या वेगळ्या करता येत नसतील तर वेळ वेगळी करा. सकाळी स्वच्छ हातांनी मिश्रण, दुपारी टेम्प्लेट, संध्याकाळी जेल. संध्याकाळचा माणूस त्या दिवशी पुन्हा मिश्रणाला बसत नाही. मिश्रणाच्या पिपेटना रंगीत टेप लावा, त्या दुसऱ्या टेबलावर जाणार नाहीत. फिल्टरच्या टिप महाग आहेत, मान्य, पण निदान पॉझिटिव्ह कंट्रोल घेताना त्याच वापरा. पॉझिटिव्ह कंट्रोल सगळ्यात शेवटी टाकायचा, बाकीच्या ट्यूबची झाकणं बंद झाल्यावर. पीसीआर झालेल्या ट्यूब ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, झाकणं उघडतात आणि तुकडे खोलीभर होतात. पिशवीत सील करून थेट कचऱ्याच्या ठरलेल्या मार्गाने पाठवा.

आणि साठवण, ज्याच्यासाठी एवढा प्रपंच. कृत्रिम टेम्प्लेट आणि प्रायमर एका डब्यात कधीच ठेवू नका, जमलं तर एका फ्रीझरमध्येही नको. मूळ साठा दुसऱ्या विभागात, एखाद्या मैत्रिणीच्या लॅबमध्ये ठेवायला मागा. स्वतःच्या लॅबमध्ये फक्त लाखो पटींनी पातळ केलेला, एका मायक्रोलिटरमध्ये काही हजार प्रती असलेला भाग आणा. तो पातळही तिकडेच करायचा. इतका पातळ डीएनए ट्यूबच्या भिंतीला चिकटून कमी होत जातो, म्हणून साध्या पाण्यात ठेवू नका. टीईमध्ये थोडा वाहक आरएनए टाकतात किंवा कमी चिकटणाऱ्या ट्यूब घेतात.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ चे नियम आहेत: धोकादायक सूक्ष्मजीव आणि जनुकीय बदल केलेले जीव किंवा पेशी यांचं उत्पादन, वापर, आयात, निर्यात आणि साठवण यांचे. साठवण हा शब्द थेट शीर्षकात आहे, बरं का. त्याखाली संस्थेत जैवसुरक्षा समिती असते आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं ती लावते. नुसता प्रायमर म्हणजे जीव नाही, त्यामुळे पीसीआरपुरता तुमचा या समितीशी संबंध येत नाही. पण तोच तुकडा प्लाझ्मिडमध्ये घालून जिवाणूत टाकायचा ठरवलात की येतो, आणि मागवण्याआधी येतो, नंतर नाही. अमेरिकेच्या एनआयएचने आपल्या नियमावलीत "कृत्रिम न्यूक्लिक अ‍ॅसिड" हे शब्द २०१३ मध्ये घातले. कारण उघड आहे. एकार्ड विमर यांच्या गटाने २००२ मध्ये टपालाने मागवलेल्या तुकड्यांपासून पोलिओचा विषाणू तयार करून दाखवला होता. लांब जनुक मागवताना कंपनी तुमची संस्था, पत्ता, उद्देश विचारते ते यासाठी. त्याला कटकट समजून मित्राच्या नावाने ऑर्डर टाकू नका.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल की तुम्ही एका बिचाऱ्या पानाकडून फार अपेक्षा करताय. खरंय. विक्रेत्याचं काम ट्यूब पोचवणं, लॅब चालवणं नाही. माझी खरी टीका आपल्यावर आहे. आपण त्या पानाला प्रोटोकॉल केलं आणि प्रोटोकॉलला पाठांतर. लातूर पॅटर्नची मी लेक आहे, पाठांतराला नावं ठेवणार नाही. त्या सरावाने खेड्यातली हजारो मुलं डॉक्टर-इंजिनीअर झाली. पण सराव परीक्षेत उत्तर आधीच ठरलेलं असतं. फ्रीझरसमोर ते नसतं. "उणे वीस" पाठ केलेल्याला वीज गेल्यावर काय टाकायचं आणि काय ठेवायचं ते ठरवता येत नाही. तो सगळं टाकतो नाहीतर सगळं ठेवतो. ज्याला कारण माहितीये तो म्हणेल, टीईमधले प्रायमर चालतील, प्रोब तपासून घेऊ, आरएनए गेला असं धरू, एन्झाइमचा नव्याने कंट्रोल लावू.

तुम्ही लॅबमध्ये जाल तेव्हा फ्रीझरच्या तळाशी एक डबा सापडेल. चार वर्षांपूर्वी पीएच.डी. करून गेलेल्या कोणाचा तरी. ट्यूबवर लिहिलेलं असेल "एफ-१", "आर-१" आणि एक वितळलेली निळी खूण, कारण मार्करची शाई अल्कोहोलने जाते. त्या ट्यूब वापरू नका. सिंकमध्ये ओतूही नका, काय आहे ते माहीत नसताना ब्लीचही नको. मार्गदर्शकांना दाखवा, जुनी वही शोधा, वहीत सापडलं नाही तर सीलबंद अवस्थेतच कचऱ्याच्या ठरलेल्या मार्गाने द्या. मग तुमच्या स्वतःच्या ट्यूबसाठी एक वही घाला: नाव, पूर्ण क्रम, किती मायक्रोमोलर, कशात विरघळवलं, तारीख, लॉट नंबर, टेम्प्लेट आहे की प्रायमर. झाकणावर फक्त अनुक्रमांक, पेन्सिलीने लिहिलेल्या चिकटपट्टीवर. पेन्सिल अल्कोहोलने पुसली जात नाही.